चार्ज म्हणजे नक्की काय? बिलापासून कोर्टापर्यंत या एका शब्दाचा अर्थ ओळखायची रीत

मोबाईल चार्ज होतो, सोसायटी चार्ज लावते, पोलीस लाठीचार्ज करतात, नवीन साहेब चार्ज घेतात, एसीवाला गॅस चार्ज करून जातो आणि बँक फ्लॅटवर चार्ज ठेवते. हे सगळं आपण ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय रोज बोलतो, मराठीत बोलतो आणि कुठेच अडत नाही. अडतं ते हाच शब्द इंग्रजी कागदावर आला की. होम लोनच्या कागदात चार्ज दिसला की पहिला प्रश्न येतो "किती?", आणि तिथे पैसे भरायचा विषयच नसतो. कंपनीतून चार्जशीट आलं की घरचे पोलीस स्टेशनपर्यंत पोचतात मनानं. डिक्शनरी उघडावी तर तिथे अर्थांची ही एवढी रांग, आणि त्यातला आपल्या वाक्यातला कुठला ते डिक्शनरी सांगत नाही.

अर्थांची यादी पाठ करायची गरज नाही. खाली दिलेल्या क्रमानं बघत गेलात तर बहुतेक वेळा दुसऱ्या तिसऱ्या पायरीलाच उत्तर मिळतं.

पायरी १: गाडी कोण आणि गोण कसली?

चार्ज हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. मुळात लॅटिनमध्ये "कारुस" म्हणजे चाकांची गाडी, आणि त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ गाडीवर माल चढवणं. कार आणि कार्गो हे शब्दही त्याच घराण्यातले. वाशीच्या एपीएमसीत माथाडी कामगार टेम्पोत गोणी चढवतात ते चित्र डोळ्यासमोर आणा, चार्जचा मूळ अर्थ तेवढाच आहे, कशावर तरी काहीतरी चढवणं.

आता कुठलंही वाक्य आलं की दोन प्रश्न विचारायचे, इथे गाडी कोण आहे आणि तिच्यावर गोण कसली चढलीये. बिलात गाडी म्हणजे तुम्ही आणि गोण पैशांची. कोर्टात गाडी म्हणजे आरोपी आणि गोण आरोपाची. ऑफिसात गाडी म्हणजे अधिकारी नि गोण जबाबदारीची, होम लोनमध्ये गाडी तुमचा फ्लॅट आणि गोण कर्जाची, मोबाईलमध्ये गाडी बॅटरी आणि गोण विजेची.

गंमत म्हणजे मराठीनंही हेच केलंय. कार्यभार, पदभार, प्रभारी, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत प्रभार, सगळीकडे भारच आहे. त्यामुळे आपल्याला हा शब्द खरं तर सोपा जायला हवा.

हल्ल्याचा अर्थ तेवढा या चित्रात नीट बसत नाही. लाठीचार्ज, किंवा बैल अंगावर धावून आला तर "द बुल चार्ज्ड अ‍ॅट हिम". लक्षात ठेवायला सगळा भार घेऊन अंगावर जाणं असं समजा, काम होतं.

पायरी २: कागद कुठून आलाय ते बघा

वाक्याकडे नंतर या, आधी कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. बिल असेल तर दहापैकी नऊ वेळा पैसे, विषय संपला. पण पैशातही सगळे चार्ज सारखे नसतात, आणि इथे लोक बरेच पैसे घालवतात म्हणून जरा थांबू.

महावितरणचं बिल काढा. मराठी बिलावर चार्जला "आकार" म्हटलंय, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड चार्ज, फ्लॅट कुलूप लावून गावाला गेलात आणि एक युनिट जळलं नाही तरी तो लागतोच. वीज आकार जळलेल्या युनिटचा, वहन आकार वीज तारांमधून तुमच्यापर्यंत आणून पोचवायचा. त्याखाली "वीज शुल्क" दिसेल, ते इंग्रजीत चार्ज नाही, ड्युटी आहे, म्हणजे तो राज्य सरकारचा कर. तक्रार करायला जाताना कुठल्या ओळीबद्दल बोलताय हे माहीत असलं की काउंटरवरचा माणूसही नीट ऐकतो.

सोसायटीच्या बिलात सर्व्हिस चार्जेस असतात आणि खाली सिंकिंग फंड, रिपेअर फंड. वॉचमन, साफसफाई हे चार्जमध्ये येतं, फंड हा पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा. फ्लॅट भाड्यानं दिला की नॉन ऑक्युपन्सी चार्जेस येतात, ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत आणि तो हिशोब करताना महापालिकेचा टॅक्स त्यात धरायचा नाही, हे राज्य सरकारनं २००१ मध्येच ठरवून दिलंय. तरी कमिटीत एखादे काका निघतातच, भाडेकरू आला म्हणजे डबल मेंटेनन्स असं ठामपणे सांगणारे.

नवी मुंबईत जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. सिडकोच्या जमिनी लीजवर दिलेल्या आहेत, त्यामुळे तिथे फ्लॅट नावावर करताना सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस लागतात, आणि सोसायटी जो ट्रान्सफर प्रीमियम घेते तो वेगळा, महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त २५,००० रुपये. एजंट दोन्हीला "ट्रान्सफरचे चार्जेस" म्हणून एकच गोळा आकडा सांगतो. फोडून मागा, कुठल्या ऑफिसला किती आणि पावती कोणाची.

हॉटेलातला सर्व्हिस चार्ज हा आणखी एक. तो टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलनं तो बिलात आपोआप लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाईकानं ठरवायचं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं तेच कायम ठेवलं. लावलेला दिसला तर काढायला सांगा, काढला नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जीएसटी मात्र भरावाच लागतो, दोन्हीवर एकदम भांडू नका.

चार्जच्या शेजारचे शब्दही इथेच उरकू. वस्तूची ती प्राइस, डॉक्टर वकील शाळा यांची ती फी, रिक्षा बस ट्रेनचं ते फेअर. रिक्षाचा मीटर दाखवतो ते फेअर, आणि रात्री बारा ते पहाटे पाच जे पंचवीस टक्के वर लागतात त्याला आपण नाइट चार्ज म्हणतो. इतका फरक पुरे.

पायरी ३: मालमत्तेचा कागद असेल तर पैशांचा विचार बाजूला ठेवा

ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांना हा अर्थ कोणी शिकवायला नको. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा "बोजा" लिहिलेला असतो ना, इंग्रजीतला चार्ज तो हाच. कर्ज काढलं की बोजा चढतो, फेडलं की उतरवून घ्यायचा. फ्लॅटला सातबारा हातात नसतो म्हणून शब्द बदलतो एवढंच, बँक म्हणते "द बँक हॅज अ चार्ज ऑन द प्रॉपर्टी", म्हणजे कर्ज फिटेपर्यंत या घरावर बँकेचा हक्क बसलेला आहे. आपण बोलताना हे सगळं मॉर्गेजमध्येच जमा करतो, कायदा मात्र चार्ज आणि मॉर्गेज यांच्यात फरक करतो, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात चार्जचं स्वतंत्र कलम आहे, शंभरावं. घर विकत घेताना तेवढं खोलात वकिलाला जाऊ द्या.

तुम्ही मात्र दोन वाक्यांमधला फरक पक्का करून ठेवा. "फ्री ऑफ चार्ज" म्हणजे फुकट. "फ्री फ्रॉम ऑल चार्जेस" म्हणजे मालमत्तेवर कोणाचा बोजा नाही. वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालमत्तेची जुनी नोंद तपासून दिलेल्या अहवालात, दुसरं वाक्य येतं, आणि घोडबंदर रोडला फ्लॅट फ्री ऑफ चार्ज कोणी देत असेल तर मला पण कळवा. फ्लॅट विकायचा मेसेज टाइप करताना हे दोन उलटे करू नका, गिऱ्हाईक हसेल किंवा खरंच धावत येईल.

दुसरं विचित्र वाटणारं वाक्य म्हणजे "चार्ज सॅटिस्फाइड". कोण खूश झालं इथे, असं वाटतं. अर्थ इतकाच की कर्ज फिटलं आणि बोजा उतरला. कंपनीच्या कर्जाच्या रेकॉर्डमध्ये हे हमखास दिसतं.

आणि इथे हक्काची एक गोष्ट आहे. होम लोन पूर्ण फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि रजिस्ट्रीत नोंदवलेला चार्ज काढून टाकायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बरेच जण नो ड्यूज सर्टिफिकेट घेऊन पेढे वाटून मोकळे होतात आणि चार्ज रेकॉर्डवर तसाच लटकत राहतो, पाच वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की समोरच्याच्या बँकेला तो दिसतो आणि मग धावपळ. म्हणून लोन बंद करतानाच लेखी विचारा, चार्ज काढलात का आणि त्याचा पुरावा काय.

पायरी ४: शेजारचा छोटा शब्द बघा

कागद कुठला ते कळत नसेल, म्हणजे नुसता ईमेल किंवा बातमी असेल, तर चार्जच्या मागचा पुढचा बारका शब्द बघायचा. "फॉर" आला की पैसे, "दे चार्ज फॉर पार्किंग". "अ‍ॅट" आला की अंगावर धावणं. "ऑन" आला आणि मालमत्तेचा विषय असला की बोजा. "टू" आला की कोणाच्या खात्यावर टाकायचं ते, "चार्ज इट टू माय रूम" म्हणजे हॉटेलच्या खोलीच्या बिलात जोडा.

"इन चार्ज ऑफ" सगळ्यांना येतं. पण मध्ये "द" शिरला की गाडी उलटी फिरते. "शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन" म्हणजे मुलं तिच्या ताब्यात. "शी इज इन द चार्ज ऑफ हर आँट" म्हणजे ती स्वतः मावशीच्या देखरेखीखाली आहे. त्यातूनच नुसतं "हर चार्जेस" असंही येतं, पाळणाघरातल्या बाईबद्दल लिहिलेलं असेल तर ते तिचे पैसे नाहीत, ती सांभाळते ती पोरं आहेत. इंग्रजी गोष्टींमध्ये हे फार येतं आणि मुलं अडखळतात.

सगळ्यात जास्त फसवणारा म्हणजे "विथ". "ही वॉज चार्ज्ड विथ चीटिंग" म्हणजे त्याच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवला. आणि "द कमिटी वॉज चार्ज्ड विथ प्रिपेअरिंग द रिपोर्ट" म्हणजे कमिटीवर रिपोर्ट तयार करायची जबाबदारी दिली. रचना तीच, अर्थ जमीन अस्मानाचा. ओळखायचं कसं, तर विथच्या पुढे बघा, तिथे गुन्हा असेल तर आरोप आणि काम असेल तर जबाबदारी. चोरी, फसवणूक, मारहाण हे गुन्हे, रिपोर्ट करणं, चौकशी करणं, देखरेख ठेवणं ही कामं. तिसरा प्रकार थोडा काव्यात्मक, "द रूम वॉज चार्ज्ड विथ टेन्शन", वातावरण ताणानं भारलेलं. भारलेलं, बघा, परत भार.

"विदाउट" चं पण तसंच. "डिलिव्हरी विदाउट चार्ज" म्हणजे फुकट पोचवणार, आणि "ही वॉज रिलीज्ड विदाउट चार्ज" म्हणजे आरोप न ठेवता सोडून दिलं. दुसऱ्या वाक्याचं भाषांतर काही मोबाईल अ‍ॅप बिनधास्त "त्याला मोफत सोडण्यात आले" असं करतील, विश्वास ठेवू नका.

पायरी ५: पोलीस, कोर्ट आणि कंपनीचं चार्जशीट

इथे क्रम कळला की शब्द आपोआप कळतात. आधी एफआयआर होतो, आपल्याकडचे इंग्रजी पेपर तेव्हा "बुक्ड" लिहितात. मग तपास, आणि तो संपला की पोलीस कोर्टात चार्जशीट देतात, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून बातम्यांमध्ये त्या तारखेची एवढी चर्चा. त्यानंतर कोर्ट "चार्जेस फ्रेम" करतं, म्हणजे कुठल्या कलमांखाली खटला चालणार ते ठरवतं, आपले पेपर लिहितात आरोप निश्चित झाले. मग खटला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, शब्द आणि क्रम हाच राहिला.

"फ्रेम" वरून एक घोळ होतो. "चार्जेस वेअर फ्रेम्ड" म्हणजे कोर्टानं आरोप निश्चित केले, पण "ही वॉज फ्रेम्ड" म्हणजे त्याला खोट्यात अडकवलं. एकाच बातमीत दोन्ही येऊ शकतात, वकील म्हणणार माझ्या अशिलाला अडकवलंय आणि कोर्ट आरोप निश्चित करून तारीख देणार.

परदेशी बातमी वाचताना सावध राहा. ब्रिटन अमेरिकेत "चार्ज्ड" झालं म्हणजे अधिकृत आरोप ठेवला गेला, आणि तो अटकेनंतर फार लवकर होऊ शकतो. आपल्याकडच्या एफआयआरला सरळ चार्ज्ड म्हणू नका, दोन्हीत बरंच अंतर आहे.

आता रबाळे, महापे, तळोजाच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी. कंपनी कामगाराला चार्जशीट देते ती वेगळी, तिचा पोलिसांशी काही संबंध नाही. गैरहजर राहिला, सुपरवायझरशी भांडला, असे शिस्तीचे आरोप लिहून त्यावर उत्तर मागितलेलं असतं आणि पुढे खात्यांतर्गत चौकशी होते. घाबरायचं नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकूनही ठेवायचं नाही. उत्तर द्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते, ती पाळा, उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. युनियन असेल तर आधी तिथे दाखवा.

पायरी ६: मागे काही चिकटलंय का?

डिस्चार्ज म्हणजे चढवलेलं उतरवणं. बॅटरी डिस्चार्ज होते, पेशंटला डिस्चार्ज मिळतो, मोरबे धरणातून पाणी सोडलं की तोही डिस्चार्ज, पेपरात त्याला विसर्ग म्हणतात. कोर्टातला डिस्चार्ज मात्र नीट समजून घ्या, खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून सुरुवातीलाच आरोपातून मोकळं करणं म्हणजे डिस्चार्ज, आणि पूर्ण खटला चालून निर्दोष सुटणं म्हणजे अक्विटल. बातम्यांमध्ये दोन्हीला सर्रास "सुटका" म्हणतात.

रिचार्ज म्हणजे परत भरणं, मोबाईलचं तेच आणि सोसायटीच्या आवारातल्या रिचार्ज पिटचं तेच, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, भूजल पुनर्भरण. ओव्हरचार्ज म्हणजे जास्त उकळणं, सरचार्ज म्हणजे मूळ रकमेवर वरून लावलेला आकार.

कारखान्यातला आणि मेकॅनिकचा चार्ज या सगळ्यात मूळ अर्थाला सर्वात जवळचा आहे, नुसतं भरणं. एसीत गॅस चार्ज करतात त्यात विजेचा संबंध नाही, रेफ्रिजरंट भरतात. ठाणे बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल प्लांटमध्ये रिअ‍ॅक्टरमध्ये कच्चा माल टाकला की "मटेरियल चार्ज केलं" म्हणतात. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली तेव्हा खडकातल्या भोकांमध्ये भरलेली स्फोटकं, तोही चार्जच. फोनच्या बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं ते तिच्यात किती चार्ज मावतो त्याचं माप, विज्ञानाच्या भाषेत १८,००० कूलोम. दहावीतल्या पोरांना हा हिशोब घालून बघा, पाच अँपिअर गुणिले एका तासाचे ३६०० सेकंद.

पायरी ७: स्वतः बोलताना

वाचण्यापेक्षा बोलताना चुका जास्त होतात, आणि त्या दोन तीनच आहेत. "ही चार्ज्ड फ्रॉम मी एट्टी रुपीज" असं नको, मराठीतलं "माझ्याकडून" तिथे घुसतंय, "ही चार्ज्ड मी एट्टी रुपीज" पुरे. फोन चार्जिंगला लावलाय हे "माय फोन इज चार्जिंग" एवढंच, "इन चार्जिंग" नको. "आय अ‍ॅम द इन्चार्ज" इथल्या ऑफिसात चालतं, बाहेरच्या क्लायंटला लिहिताना "आय अ‍ॅम इन चार्ज ऑफ द स्टोअर" लिहा. आणि बदली होऊन आलेल्या माणसानं चार्ज घेतला हे "ही हॅज टेकन चार्ज", सरकारी कागदावर अतिरिक्त कार्यभार असेल तर "अ‍ॅडिशनल चार्ज".

सरकारी पत्रातल्या शब्दाला नेमका मराठी शब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट बघता येतात. विषय निवडून शोधा, म्हणजे न्यायाचा चार्ज आणि विजेचा चार्ज वेगवेगळे मिळतील.

आता हात साफ करा

"द न्यू मॅनेजर इज चार्ज्ड विथ रिड्यूसिंग लॉसेस." विथच्या पुढे काम आहे, तोटा कमी करणं. जबाबदारी दिलीये, बिचाऱ्यावर आरोप नाही.

"द फ्लॅट इज फ्री फ्रॉम चार्जेस." बोजा नाही. तरी सर्च रिपोर्ट काढाच.

"ही डिनाइड द चार्ज." पुढे मागे काहीच नाही, पण नाकारलं म्हटल्यावर आरोपच.

"नो चार्जेस विल बी प्रेस्ड." इथे "प्रेस" शब्द सांगतो, आरोप पुढे रेटणार नाहीत, म्हणजे केस करणार नाहीत.

"द हॉस्पिटल डिस्चार्ज्ड हिम बट फरगॉट टू चार्ज फॉर द रूम." दवाखान्यानं घरी सोडलं आणि खोलीचे पैसे लावायला विसरले. इंग्रजी बरोबर आहे, ठाण्यात असं होताना मात्र अजून कोणी बघितलेलं नाही.